स्तनातील गाठ काढण्याआधी तिचे निदान का व्हायला हवे

प्रश्न: मी 34 वर्षांची असून सोलापूर जिल्ह्यातील एका गावात शिक्षिका आहे. चार महिन्यांपूर्वी आंघोळ करताना डाव्या स्तनात, वरच्या बाहेरच्या बाजूला, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. ती दुखत नाही आणि पाळीबरोबर कमीजास्तही होत नाही. सोनोग्राफीत 2.2 सेंटिमीटरची गाठ दिसली. अहवालात ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा असण्याची शक्यता, बायरॅड्स 4ए, बायोप्सी करावी’ असे लिहिले आहे. तालुक्याचे सर्जन म्हणतात, थेट गाठच काढू आणि तपासणीला पाठवू. सासूबाई म्हणतात, गाठीला लोखंड लावू नये, ती पसरते. एका नातेवाइकांनी गाठ विरघळवणारे औषध सुचवले आहे. माझ्या मावशीला 52व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करत आहोत. मी काय करावे?

उत्तर: ताई, थेट उत्तर आधी देते. गाठ लगेच काढू नका आणि तशीच सोडूनही देऊ नका. येत्या आठ-दहा दिवसांत सोनोग्राफीच्या मदतीने कोअर बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचे बारीक तुकडे काढून त्यांची तपासणी, करून घ्या, तिचा अहवाल हातात येऊ द्या, आणि गाठ काढायची की ठेवायची हे त्यानंतर ठरवा. तुम्हाला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी एकही मला पटत नाही. त्यातला सर्जनचा सल्ला वरवर सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नको असलेली वस्तू शरीरातून निघाली आणि तपासणीही झाली, तर यात वावगे ते काय, असे कोणालाही वाटेल. स्तनांच्या आजारांवर इतकी वर्षे शस्त्रक्रिया करताना रुग्णांचे सर्वांत जास्त नुकसान मी याच वाटेने झालेले पाहिले आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

प्रथम तुमच्या अहवालाविषयी. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी पाहणारे रेडिओलॉजिस्ट गाठीच्या रूपावरून तिला 0 ते 6 असा बायरॅड्स क्रमांक देतात. 2 म्हणजे निश्चित साधी, कॅन्सर नसलेली गाठ. 3 म्हणजे जवळजवळ नक्कीच साधी, कॅन्सर निघण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. अशा गाठीवर सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवता येते. 5 म्हणजे कॅन्सरची शक्यता 95 टक्क्यांहून अधिक. या दोहोंमधला 4 हा पट्टा फार रुंद आहे, म्हणून त्याचे तीन भाग केले आहेत. त्यातील 4ए हा सर्वांत सौम्य भाग असून त्यात कॅन्सर निघण्याची शक्यता 2 ते 10 टक्के धरली जाते. म्हणजे असा अहवाल आलेल्या शंभर स्त्रियांपैकी नव्वदहून अधिक जणींची गाठ साधीच निघते. तुमची गाठही साधी असण्याचीच शक्यता मोठी आहे, हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, तो आकड्यांचाच अर्थ आहे. मात्र ‘शक्यता मोठी आहे’ एवढ्यावर थांबता येत नाही, म्हणूनच रेडिओलॉजिस्टनी बायोप्सी करावी असे लिहिले आहे आणि ते बरोबर लिहिले आहे.

गाठ दुखत नाही याचे तुम्हाला बरे वाटत असेल, तर तसा अर्थ काढू नका. वेदना नसणे हे सुरक्षिततेचे लक्षण नाही. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि पाळीच्या आधी दोन्ही स्तनांत भरून येऊन दुखणाऱ्या, पाळीनंतर ओसरणाऱ्या गाठी बहुधा निरुपद्रवी असतात. दुखले म्हणून धावत येणाऱ्या आणि दुखत नाही म्हणून वर्षभर घरी थांबणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया ओपीडीत एकाच दिवशी भेटतात. त्यातील दुसरीची मला अधिक काळजी वाटते. तुम्ही चार महिन्यांत सोनोग्राफीपर्यंत पोहोचलात, हे चांगले केलेत.

तुमच्या वयात गाठ म्हटली की फायब्रोअ‍ॅडिनोमाचा विचार सर्वांत आधी येतो. पंधरा ते पस्तीस या वयात तो सर्वाधिक आढळतो. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि त्यांच्या भोवतीची तंतुमय पेशीजाली एका जागी जास्त वाढल्याने तो तयार होतो. तपासताना तो बोटांखालून निसटतो, एका जागी ठरत नाही, कडा गुळगुळीत लागतात. पस्तिशीनंतर पाळी जाईपर्यंत पाण्याने भरलेल्या गाठी, म्हणजे सिस्ट, अधिक दिसतात. मार लागल्यानंतर किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या जागी चरबी कडक होऊन बनलेली गाठ हाताला अगदी कॅन्सरसारखी लागू शकते. कॅन्सरची गाठ बहुतेकदा टणक, खडबडीत कडांची आणि आजूबाजूच्या भागाला चिकटलेली असते. कधी तिच्यावरची कातडी आत ओढली जाते, बोंड नव्याने आत जाते, एकाच बोंडातून आपोआप रक्तमिश्रित स्राव येतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. यातले काही तुमच्याकडे नसावे, कारण तुम्ही लिहिलेले नाही. तरीही हात वर करून आरशासमोर उभे राहा आणि गाठीवरची कातडी कुठे खळी पडून आत जाते का, हे एकदा पाहा. हाताने तपासताना चिमटीत धरून पाहू नका. चिमटीत धरले तर निरोगी स्तनाचा भागही गाठीसारखा लागतो. तीन बोटांचा सपाट भाग स्तनावर ठेवून छातीच्या दिशेने हळूवार दाबत फिरवावा, आणि काखेतही पाहावे. पाळी सुरू असेल तर ती संपल्यावर चार-पाच दिवसांनी तपासणे चांगले.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नये, हे मी आवर्जून सांगते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतील वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यातील निम्म्यांच्या स्तनांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने करत होत्या. 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफी यंत्र तालुक्यात नाही म्हणून काहीच करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास ध्यानात ठेवावा.

मात्र हात, सोनोग्राफी आणि बायोप्सी या तिन्हींपैकी एकट्या कशावरही निदान ठरवू नये. तिन्हींचे उत्तर एकच यायला हवे. तिन्ही ‘साधी गाठ’ म्हणत असतील तर निर्धास्त राहता येते, आणि एक जरी वेगळे बोलत असेल तर बायोप्सी पुन्हा करावी लागते किंवा गाठ काढून पाहावी लागते. तुमच्या वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून सोनोग्राफी आधी केली, हे योग्य झाले. चाळिशीपुढच्या स्त्रीला दोन्ही तपासण्या लागतात. आणि मॅमोग्राफी स्वच्छ आली तरी हाताला लागणारी गाठ सोडून देता येत नाही, कारण काही कॅन्सर मॅमोग्राफीत दिसतच नाहीत.

आता बायोप्सीविषयी. सुईने करायच्या तपासण्या दोन प्रकारच्या असतात. पातळ सुईने पेशी ओढून काचेवर पसरवतात ती एफएनएसी. ती स्वस्त आहे आणि लवकर होते, पण तिच्यात सुट्या पेशी मिळतात, त्यांची मांडणी दिसत नाही. फायब्रोअ‍ॅडिनोमा आणि त्याच्यासारखाच दिसणारा फायलॉइड्स ट्यूमर यांतील फरक तिच्यावरून खात्रीने सांगता येत नाही, आणि कॅन्सर निघालाच तर पुढच्या चाचण्यांसाठी तो नमुना बहुधा पुरत नाही. तुम्हाला कोणी एफएनएसीवर भागवू म्हटले, तर नम्रपणे कोअर बायोप्सीच मागा.

कोअर बायोप्सी कशी होते हे सांगते, म्हणजे भीती थोडी कमी होईल. तुम्ही टेबलावर उताण्या झोपता, डावा हात डोक्याखाली असतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ पाहत डॉक्टर त्वचेत भुलीचे इंजेक्शन देतात; ते दोन-चार सेकंद चुरचुरते, आणि खरे तर तेवढाच त्रास असतो. मग तीन मिलिमीटरचा छोटा छेद घेऊन 14 गेजची सुई गाठीच्या कडेपर्यंत नेतात. सुईला स्प्रिंगचे यंत्र असते. कळ दाबली की ‘खट्’ असा मोठा आवाज होतो आणि दचकायला होते, म्हणून मी तो आवाज आधीच एकदा हवेत काढून ऐकवते. प्रत्येक वेळी दोन सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा, शेवईसारखा बारीक पांढरट तुकडा निघतो. असे चार-पाच तुकडे थेट फॉर्मालिनच्या बाटलीत जातात. बाटलीत तुकडा तळाला बसला की नेमका गाठीचाच भाग मिळाला असे बहुधा समजावे. तरंगत राहिला तर त्यात चरबीच जास्त असते आणि पुन्हा घ्यावा लागतो. त्यानंतर जागा दहा मिनिटे दाबून धरायची, टाका लागत नाही. थोडे काळेनिळे पडते, ते आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. दुसऱ्या दिवशी शाळेत जाता येईल.

त्या बाटलीकडे लक्ष ठेवा, कारण आपल्याकडे चांगले काम तिथेच वाया जाते. नमुना सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात टाकला, किंवा उन्हाळ्यात दोन दिवस फॉर्मालिनशिवाय पडून राहिला, तर पेशी खराब होतात आणि कॅन्सर निघाल्यास त्याच पेशींवर करायच्या हार्मोनच्या चाचण्यांचे उत्तर चुकू शकते. नमुना 10 टक्के फॉर्मालिनमध्ये लगेच जावा आणि सहा तासांहून कमी वा 72 तासांहून अधिक त्यात राहू नये, असा नियम आहे. बाटलीवर तुमचे नाव, तारीख आणि ‘डावा स्तन’ असे लिहिले आहे ना, हे स्वतः वाचा. तपासणीनंतर मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे राहतात. दुसरे मत हवे असल्यास त्या मागून घेता येतात, नव्याने सुई टोचावी लागत नाही.

सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनी कधीतरी अशी एखादी स्त्री पाहिली असेल, जिचे ऑपरेशन झाले आणि काही महिन्यांत आजार सर्वांगात गेला. तसे घडते, पण कारण उलटे असते: ती फार उशिरा आली होती, आजार आधीच पसरलेला होता, आणि लोखंड लागले तो दिवस तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. सुई बाहेर येताना तिच्या मार्गात काही पेशी राहू शकतात हे खरे आहे. पण त्या तिथे रुजून आजार वाढल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत, आणि कोअर बायोप्सी झालेल्या स्त्रियांचे आयुष्य त्यामुळे कमी होत नाही. जगभर स्तनाच्या कॅन्सरचे निदान आज याच पद्धतीने होते. सासूबाईंना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना हाच प्रश्न त्यांच्यासमोर विचारा. घरातल्या मोठ्या माणसाची समजूत पटली की पुढचे सगळे सोपे होते.

आता ‘थेट काढून टाकू’ या सल्ल्याकडे येते. तुमची गाठ साधी निघाली, तर तुम्ही एक अनावश्यक शस्त्रक्रिया, भूल, व्रण आणि खर्च अंगावर घेतलेला असेल. हे नुकसान सोसता येण्यासारखे आहे. खरे नुकसान उरलेल्या काही टक्क्यांत होते. साधी समजून काढलेल्या गाठीत कॅन्सर निघाला, तर ती बहुधा अगदी कडेकडेने सोलून काढलेली असते, भोवती निरोगी भागाची झालर सोडलेली नसते, आणि आजार आत उरला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. चीर चुकीच्या जागी वा चुकीच्या दिशेने घेतलेली असेल तर पुढच्या शस्त्रक्रियेत ती सगळी जागा काढावी लागते, आणि जो स्तन वाचला असता तो कधी कधी वाचत नाही. रुग्ण आमच्याकडे येते तेव्हा गाठ नसते, आत रक्त साकळलेले असते, सोनोग्राफीत सगळे अस्पष्ट दिसते. कित्येकदा नमुना तुकड्यातुकड्यांत पाठवलेला असतो, आणि काही वेळा तर पाठवलेलाच नसतो. ‘डॉक्टरांनी दाखवली, चरबीची होती’ एवढेच तिच्याजवळ असते. शरीरातून काढलेली कोणतीही गाठ, ती डोळ्यांना कितीही साधी दिसो, पॅथॉलॉजिस्टकडे गेलीच पाहिजे.

याहून मोठे नुकसान बाहेरून दिसत नाही. स्तनाच्या कॅन्सरवर आज सगळ्यांसाठी एकच उपचार राहिलेला नाही. पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) आहेत का आणि हर-2 हे प्रथिन जास्त आहे का, यावरून उपचार ठरतात. हर-2 जास्त असलेला किंवा तिन्ही नसलेला, ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात तो कॅन्सर दोन सेंटिमीटरहून मोठा असला, तर बहुधा आधी औषधे देऊन मग शस्त्रक्रिया करतात. गाठ औषधाने किती विरघळली हे त्यातून समजते. पूर्ण विरघळली असेल तर भविष्य चांगले असते, आणि काही उरली असेल तर शस्त्रक्रियेनंतर वेगळे, अधिक परिणामकारक औषध देता येते. तुमची गाठ 2.2 सेंटिमीटरची आहे, म्हणजे हा विचार तुमच्या बाबतीत लागू पडणाराच आहे. गाठ आधीच काढून टाकली तर ही माहिती कायमची हातची जाते.

आणखी एक गोष्ट आपल्याच मातीतली आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील अकरा केंद्रांत सुमारे 1,600 स्त्रियांवर एक अभ्यास झाला आणि तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेत गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी तिच्या भोवती साधे लिग्नोकेन, तेच भुलीचे औषध, टोचले तर सहा वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांपर्यंत गेले. इतक्या स्वस्त औषधाचा इतका लाभ क्वचितच दिसतो. पण गाठ कॅन्सरची आहे हे टेबलावर जाण्याआधी माहीत असेल तरच तो घेता येतो.

तुमच्या सर्जनबद्दल मनात अढी धरू नका. तालुक्याच्या ठिकाणी कोअर बायोप्सीची सोय नसते, रुग्ण पुन्हा येईलच याची खात्री नसते, आणि पूर्वी हीच पद्धत शिकवली जात होती. त्यांना सरळ सांगा की मला आधी कोअर बायोप्सी करायची आहे, त्यासाठी चिठ्ठी द्या. बहुतेक डॉक्टर आनंदाने देतात. सोलापूर शहरात ही सोय आहे. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. तेव्हा यासाठी लगेच मुंबई गाठण्याची गरज नाही.

अहवालात फायब्रोअ‍ॅडिनोमा आला, आणि तशीच अपेक्षा आहे, तर गाठ काढायची सक्ती नाही. साधा फायब्रोअ‍ॅडिनोमा पुढे जाऊन कॅन्सर होतो ही समजूत चुकीची आहे. काही गाठी आपोआप लहान होतात, बऱ्याच आहे तशाच राहतात, आणि पाळी गेल्यावर आक्रसतात. सहा महिन्यांनी आणि वर्षाने सोनोग्राफी करावी. गाठ तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली, भराभर वाढू लागली, अहवालात शंका राहिली, किंवा तिच्या विचाराने तुमची झोपच उडत असेल, तर ती काढणे योग्य. या शेवटच्या कारणालाही मी तितकेच महत्त्व देते. शक्य असेल तेथे बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने चीर घेतली की व्रण जवळजवळ दिसत नाही. लग्न ठरण्याआधी मुलीच्या गाठी गुपचूप काढून घेण्याचा आग्रह धरणारे पालक नेहमी येतात. तीन-चार लहान गाठी असलेल्या वीस वर्षांच्या मुलीच्या स्तनावर तीन-चार व्रण करून तिचे काही भले होत नाही, आणि पुढे दूध पाजताना त्याचा अडथळाही होऊ शकतो. बायोप्सीने नाव कळले असेल तर त्या गाठी खुशाल राहू द्याव्यात.

विरघळवणाऱ्या औषधांविषयी थोडक्यात. फायब्रोअ‍ॅडिनोमा खात्रीने नाहीसा करणारे औषध कोणत्याही पॅथीत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले सेंटक्रोमॅन, जे ‘सहेली’ या गर्भनिरोधक गोळीत असते, स्तनांच्या दुखण्यावर चांगले चालते आणि काही जणींची गाठ त्याने लहानही होते. पण ते गर्भनिरोधक असल्याने मूल हवे असताना तुमच्या उपयोगाचे नाही. निदान झालेल्या साध्या गाठीवर एखादे निरुपद्रवी औषध कोणी घेतले तर माझी हरकत नसते. निदान न झालेल्या गाठीवर औषध घेत सहा महिने घालवणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्या सहा महिन्यांत दोन सेंटिमीटरचा आजार काखेत पोहोचू शकतो.

फायलॉइड्स ट्यूमर निघाला, तर तो काढावाच लागतो, आणि भोवतीच्या निरोगी भागासह काढावा लागतो. नुसता सोलून काढला तर पुन्हा उगवतो. इथेही आधी निदान झाल्याचा फायदा दिसतो.

‘ग्रॅन्युलोमेटस मॅस्टायटिस’ असे आले तर सावध राहा. बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत हा दाह होतो, गाठ लाल होते, पू येतो, भोके पडतात, आणि आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने पुरावा नसतानाही क्षयाची औषधे महिनोन्‌महिने दिली जातात. स्तनाचा क्षय असतो, पण तो सिद्ध करावा लागतो. पुवाची सीबीनॅट तपासणी त्यासाठी उपलब्ध आहे. क्षय नसेल तर स्टेरॉइड किंवा तत्सम औषधांनी आणि पुष्कळ धीराने हा आजार बरा होतो. पुन्हा पुन्हा चिरा घेतल्याने तो चिघळतो.

आणि कॅन्सर निघाला तर? तर तुमच्या हातात योजना आखायला वेळ असतो. दोन-चार आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत, पण दुसऱ्याच दिवशी टेबलावर जाण्याची गरज नसते. पूर्ण स्तन काढणे म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी यावर मोठे अभ्यास केले, आणि दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ भोवतालच्या भागासह काढून रेडिएशन दिलेल्या स्त्रिया पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. तरीही आपल्याकडे कितीतरी जणी स्तन गमावतात, कारण रेडिएशनचे केंद्र दूर असते आणि पूर्वी पाच-सहा आठवडे शहरात राहावे लागे. आता तीन आठवड्यांत 15 वेळा रेडिएशन देणे ही रूढ पद्धत आहे, आणि निवडक रुग्णांत ते एका आठवड्यात पाच वेळांत आटोपते. दूर राहता म्हणून स्तन काढा असे कोणी म्हटले, तर हे विचारा.

काखेतील सगळ्या लसिका ग्रंथी काढल्या तर साधारण पाचांपैकी एकीचा हात पुढे सुजतो. म्हणून काखेत आजार दिसत नसेल तर निळा रंग वा तत्सम खूण वापरून पहिल्या काही ग्रंथीच काढून तपासतात. हार्मोनला प्रतिसाद देणारा कॅन्सर असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. ती स्वस्त आहे, आणि बरे वाटते म्हणून ती मधेच सोडणे हे आजार परत येण्याचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन या तिन्हींचा समावेश आहे. रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा.

मावशीच्या आजाराची नोंद डॉक्टरांना द्या, पण त्यावरून स्वतःचे निदान करू नका. एका मावशीला पन्नाशीनंतर कॅन्सर झाला, तर तुमचा धोका थोडाच वाढतो. जवळच्या दोन-तीन जणींना, कमी वयात, किंवा स्तन आणि अंडाशय असे दोन्ही कॅन्सर असतील तर जनुकीय तपासणीचा विचार होतो. हे विचारताना स्त्रिया केवळ माहेरच्या बायका, आई आणि मावश्या आठवतात. सदोष जनुक वडिलांकडूनही तितकाच येतो, म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांचीही चौकशी करा.

शेवटी दुसऱ्या मुलाविषयी. बायोप्सीचा अहवाल येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, थांबा. दरम्यान पाळी चुकली तरी घाबरू नका. सोनोग्राफी आणि कोअर बायोप्सी दोन्ही गरोदरपणात करता येतात. फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाला तर मूल पुढे ढकलण्याचे कारण नाही. गरोदरपणात अशी गाठ थोडी वाढू शकते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना तिची कल्पना द्या आणि मधल्या महिन्यांत एकदा सोनोग्राफी करा. बाळंतपणानंतर स्तन लाल होऊन ताप आला तर वेळीच अँटिबायोटिक घ्या, गळू झाले तर सुईने पू काढून घ्या, जोरजोरात रगडून घेऊ नका, आणि बाळाला पाजणे चालू ठेवा. त्या काळातली नवी गाठ ‘दूध साचले असेल’ म्हणून पंधरा दिवसांहून अधिक सोडू नका. गरोदरपणातले आणि पाजण्याच्या काळातले कॅन्सर याच समजुतीमुळे उशिरा सापडतात. आणि अहवाल कॅन्सरचा आला, तर केमोथेरपी सुरू होण्याआधी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना मूल हवे असल्याचे सांगा. स्त्रीबीजे किंवा गर्भ गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे पुरतात, आणि ते केमोच्या आधीच करावे लागते. हार्मोनच्या गोळ्या दीड ते अडीच वर्षे घेऊन, मग त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून मूल होऊ दिलेल्या स्त्रियांचा एक मोठा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात आजार परतण्याचे प्रमाण सुरुवातीच्या वर्षांत तरी वाढलेले दिसले नाही.